वचन पूजेसाठी की विचारासाठी?



तुमच्या घरात पाऊल टाकताच समोरच्या भिंतीवर भगवान बुद्धांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर दिसते. तसबिरीखाली बहुतेक घरांत एखादे वचन असते. कधी ते दिनदर्शिकेवर छापलेले असते, कधी मुलाने चित्रकलेच्या वहीच्या कागदावर रंगवून डकवलेले असते. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणताना तुमची दृष्टी त्या वचनावर जाते. मला तुम्हांला एकच प्रश्न विचारायचा आहे. त्या वचनावर तुमच्या घरात चर्चा कधी झाली होती?

तुम्ही म्हणाल, "चर्चा कशाला? ते तर सत्यच आहे." हे उत्तर ऐकले की मन अस्वस्थ होते. कारण आपल्या आज्या-पणज्यांच्या काळीही वचनांचा तुटवडा नव्हता. पोथीत वचने होती, कीर्तनात वचने होती आणि त्यांवर प्रश्न विचारायचा नाही असा दंडक होता. त्या वचनांच्या आधारानेच आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण ज्या गोष्टी सोडल्या, त्यांत केवळ काही देव आणि काही सण नव्हते. 'ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे' हा विचारही आपण तेथेच सोडला. मग तोच विचार नव्या तसबिरीखाली पुन्हा येऊन बसला, तर आपण नेमके काय बदलले?

फळ्यावरचा सुविचार

मी पेशाने शिक्षक. मराठी आणि इतिहास हे विषय बरीच वर्षे शिकवले. आपल्या शाळांतली एक रीत तुम्हांला ठाऊक आहे. रोज सकाळी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सुविचार लिहिला जातो. परिपाठाच्या वेळी एक मुलगा तो मोठ्याने वाचतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुसून नवा लिहिला जातो. वर्षाला दोनशेहून अधिक सुविचार मुलांच्या डोळ्यांखालून जातात. त्यांतला एकही ते पारखून पाहत नाहीत.

एके दिवशी सुविचार क्षमेवर होता. क्षमा करणारा मोठा, अशा अर्थाचा. वाचन संपले आणि मागच्या बाकावरची आपल्याच समाजातली एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, क्षमा कोणी कोणाला करायची? ज्याने मार खाल्ला त्यानेच नेहमी का करायची?"

वर्ग गप्प झाला. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी म्हणालो, "खाली बस, तास सुरू करायचा आहे." ती बसली. त्यानंतर कित्येक दिवस तिने वर्गात तोंड उघडले नाही.

ही चूक माझी होती आणि ती लहान नव्हती. बौद्ध म्हणवणाऱ्या शिक्षकाने एका बौद्ध मुलीच्या प्रश्नाला गप्प केले होते. सुविचार फळ्यावर राहिला, पण विचार मी पुसून टाकला. तेव्हापासून मी वचनांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

केसपुत्तचा वर्ग

कोसल देशात केसपुत्त नावाचे नगर होते. तेथे कालाम लोक राहत. ते भगवंतांना म्हणाले की, आमच्याकडे अनेक श्रमण-ब्राह्मण येतात. प्रत्येक जण स्वतःच्या मताची स्तुती करतो आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करतो. आम्ही कोणाचे खरे मानावे? अंगुत्तर निकायातला हा प्रसंग आपल्या लोकांना चांगला ठाऊक आहे. भगवंतांनी प्रथम सांगितले की, तुम्हांला शंका आली हे योग्यच आहे. मग त्यांनी दहा गोष्टी सांगितल्या, ज्यांच्या केवळ आधारावर काहीही स्वीकारू नये. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथाचा आधार या त्यांत आहेत. त्याचबरोबर नुसता तर्क आणि 'हा श्रमण आमचा गुरू आहे' हे कारणही त्यांत आहे.

येथपर्यंतचा भाग आपण व्याख्यानांत पुष्कळदा ऐकतो. पुढचा भाग मात्र सांगायचा राहून जातो. भगवंतांनी कालामांना प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. माणसाच्या मनात लोभ उत्पन्न होतो तो त्याच्या हिताचा की अहिताचा? द्वेष? मोह? लोभाने ग्रासलेला माणूस हिंसा करतो, चोरी करतो, खोटे बोलतो की नाही? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कालामांनी स्वतः दिले. भगवंतांनी त्यांच्या हाती तयार निष्कर्ष ठेवला नाही. त्यांनाच तेथवर चालत नेले.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, 'मला पटेल ते खरे' असे भगवंतांनी सांगितलेले नाही. कसोटी निश्चित आहे. अंगीकारले असता हित होते की अहित, आणि सुज्ञ लोक त्याची प्रशंसा करतात की निंदा, हे पाहायचे आहे. दुसरी ही की, धम्म शिकवण्याची भगवंतांची रीतच प्रश्नांची आहे. म्हणून वचनाने वर्गाची सुरुवात व्हावी. वचनाने वर्ग संपवला जात असेल तर ते धम्माच्या रीतीला धरून नाही.

पंडिताचा वाद आणि राजाचा वाद

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. त्याला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. तो विद्वान होता, वादपटू होता आणि स्थविर नागसेनांना त्याने प्रश्नांमागून प्रश्न विचारले. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यालयाला असावे, यात आपल्यासाठी केवढा अर्थ आहे!

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात एक प्रसंग आहे. राजाने चर्चेची इच्छा दर्शवली तेव्हा नागसेनांनी एक अट घातली. तुम्ही पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर मी बोलेन, राजांप्रमाणे बोलणार असाल तर बोलणार नाही. राजाने दोन्हींतला फरक विचारला. नागसेनांनी सांगितले त्याचा आशय असा : पंडितांच्या चर्चेत एकाचे मत खोडले जाते, चूक दाखवली जाते, ती मान्य केली जाते आणि तरी कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत मात्र राजा एक गोष्ट ठासून सांगतो आणि जो विरोध करील त्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली.

त्या मुलीला मी खाली बसवले तेव्हा मी राजाचा वाद केला होता. वर्गात शिक्षक राजा असतो, घरात बाप राजा असतो. "बाबासाहेबांनी सांगितले आहे, गप्प बस," असे तुम्ही मुलाला म्हणता तेव्हा तुम्ही बाबासाहेबांच्या नावाने स्वतःचे राज्य चालवत असता. बाबासाहेबांना हे रुचले असते काय?

बाबासाहेब वचने कशी वापरीत

याचे उत्तर त्यांच्याच भाषणात आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी जे भाषण केले, त्यात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाच्या इशाऱ्याचे स्मरण दिले. इशारा असा होता की, कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये. राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असेही बाबासाहेबांनी त्याच भाषणात बजावले.

थोर पुरुषाच्या वचनाचा उपयोग त्यांनी कशासाठी केला, हे नीट पाहा. थोर पुरुषांपुढे बुद्धी गहाण टाकू नका, हे सांगण्यासाठी! मिल म्हणतो म्हणून माना असे ते म्हणाले नाहीत. ऐकणाऱ्यांनी विचार करावा म्हणून त्यांनी ते वचन पुढे ठेवले. अशा पुरुषाची वचने आपण आंधळेपणाने पाठ केली, तर त्यांच्या वचनाचाच आपण भंग केला असे होईल.

त्या मुलीच्या प्रश्नाकडे

काही दिवसांनी मी वर्गात त्या मुलीची क्षमा मागितली आणि तिचा प्रश्न फळ्यावर लिहिला : क्षमा कोणी कोणाला करायची? त्याशेजारी धम्मपदातले वैराविषयीचे बुद्धवचन लिहिले, जे तुम्हां सर्वांना पाठ आहे. वैराने वैर शमत नाही, असा त्याचा आशय. मग इतिहासाचे तीन प्रसंग वर्गापुढे ठेवले.

पहिला सम्राट अशोकाचा. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग जिंकले. त्याच्या तेराव्या शिलालेखात त्याने स्वतःच आकडे कोरले आहेत : दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. तेथेच त्याने पश्चात्ताप व्यक्त केला आहे. परंतु खुद्द कलिंगच्या भूमीत, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेला नाही. तेथे त्याऐवजी निराळे लेख आहेत. सर्व माणसे माझी लेकरे आहेत, कोणाला विनाकारण बंदीत टाकू नका, असे त्यांत अधिकाऱ्यांना बजावले आहे. तेराव्या लेखात अरण्यातल्या लोकांना इशाराही आहे की, राजाला पश्चात्ताप झाला तरी शिक्षा करण्याचे त्याचे सामर्थ्य गेलेले नाही. मुलांना मी विचारले, "ज्यांना मारले त्यांच्याच भूमीत पश्चात्ताप का कोरला नसेल?" एक जण म्हणाला, "लाज वाटली असेल." दुसरा म्हणाला, "जखमेवर मीठ नको म्हणून." तिसरा म्हणाला, "लोक पुन्हा उठतील ही भीती असेल." तासाची घंटा झाली तरी मुले बोलतच होती. आपल्या मुंबईजवळच्या सोपाऱ्यालाही अशोकाच्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे सापडले आहेत, हे कळल्यावर त्यांना अशोक परका राहिला नाही.

दुसरा प्रसंग सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा. एप्रिल १९४२ मध्ये जपानने कोलंबो आणि त्रिंकोमाली या बंदरांवर बॉम्ब टाकले होते. ६ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील तहाच्या परिषदेत सिलोनचे प्रतिनिधी जे. आर. जयवर्धने यांनी हेच बुद्धवचन सांगितले आणि आमचा देश जपानकडून नुकसानभरपाई मागणार नाही असे जाहीर केले. मार खाल्लेल्याने क्षमा केली आणि जपान ते विसरला नाही. एका वचनाने दोन देशांमधले वैर मिटवण्यास मदत केली.

मात्र तेथे थांबलो असतो तर ते प्रवचन झाले असते. जुलै १९८३ मध्ये हेच जयवर्धने श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष होते. जाफना येथे १३ सैनिक मारले गेले आणि त्यानंतर कोलंबोत व इतरत्र तमिळ लोकांची घरे-दुकाने जाळली गेली. शेकडो तमिळ मारले गेले. राष्ट्राध्यक्ष काही दिवस लोकांशी बोललेच नाहीत. बोलले तेव्हा त्यांच्या भाषणात पीडित तमिळांसाठी सांत्वनाचा शब्द नव्हता. बौद्ध म्हणून ही गोष्ट सांगताना आपल्याला लाज वाटते आणि ती वाटलीच पाहिजे. वचन तेच होते. एकदा ते माणसाने आचरले, एकदा तोच माणूस ते विसरला. म्हणजे वचन उच्चारणाऱ्याच्या मोठेपणाने वचन सिद्ध होत नाही आणि त्याच्या पतनाने ते खोटेही ठरत नाही.

तिसरा प्रसंग आपल्या घरचा. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उगारू दिला नाही. पण त्यांनी प्रकरण सोडूनही दिले नाही. हल्लेखोरांवर खटला चालला आणि काहींना शिक्षा झाली. मुलांना विचारले, "बाबासाहेबांनी क्षमा केली की नाही?" त्या मुलीने मान वर केली आणि ती म्हणाली, "सर, त्यांनी वैर धरले नाही, पण न्याय सोडला नाही."

मला जे उत्तर देता आले नव्हते ते तिने दिले. वैर सोडणे हे मार खाल्लेल्याच्या मनाचे रक्षण आहे. मारणाऱ्याचे कर्तव्य निराळे : चूक कबूल करणे आणि हात आवरणे. फळ्यावरचा सुविचार अर्धाच होता, कारण तो फक्त एकाच बाजूला उपदेश करत होता.

साहित्याचा तास

मराठीच्या तासाला हीच रीत चालते. संत चोखामेळ्याचे अभंग पाठ्यपुस्तकात आले की आपल्या घरांत दोन प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणते, आपला संत. कोणी म्हणते, तो तर देवाच्या दारात दीन होऊन उभा राहिला, त्याचे आपल्याला काय! पण चोखोबाच्या अभंगांत देवाच्या पायरीशी केलेली विनवणी आहे, तसाच विटाळ कोणाला चुकला आहे असा रोखठोक सवालही आहे. दोन्ही एकाच माणसाचे बोल आहेत. बाबासाहेबांनी १९४८ सालचा 'अस्पृश्य मूळचे कोण' हा इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांनीच गांधीजींना उत्तर देताना, संतांनी जातिव्यवस्थेविरुद्ध लढा दिला नाही, असेही लिहिले. मग आदर आणि टीका एकाच ठिकाणी नांदू शकतात की नाही? हा प्रश्न मुलांपुढे ठेवा. ज्याला आपण मानतो त्याला पारखण्याचे धैर्य मुलांना येथूनच येते.

वचन खरोखर कोणाचे?

आता तर रोज सकाळी मोबाइलवर वचने येतात. खाली कधी बुद्धांचे नाव असते, कधी बाबासाहेबांचे. भाषण कोणते, साल कोणते, याचा पत्ता नसतो. महापरिनिब्बान सुत्तात याची कसोटी आहे. भोगनगरात भगवंतांनी भिक्षूंना सांगितले की, कोणी म्हणाला 'मी हे प्रत्यक्ष तथागतांच्या तोंडून ऐकले', तरी लगेच स्वीकारू नका आणि लगेच धुडकावूही नका. सुत्त आणि विनय यांच्याशी ते ताडून पाहा. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात भगवंतांच्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचे पाच प्रसंग नोंदवून वाचकाला सावध केले आहे.

एक उदाहरण घ्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी दिलेला तीन शब्दांचा संदेश इंग्रजीत 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ' असा आहे. आपल्या फलकांवर 'संघटित व्हा' मधे येते आणि 'संघर्ष करा' शेवटी. क्रम का बदलला? मने चेतवल्याशिवाय संघटना उभी राहते काय? आणि चेतवणे म्हणजेच संघर्ष काय? जयंतीच्या दिवशी विहारात तरुणांना हा प्रश्न घाला. तासभर बोलतील आणि संदेश जन्मभर विसरणार नाहीत.

एक आक्षेप

काही बंधू म्हणतील, "आमचे मूल शाळेत टोमणे ऐकून घरी येते. त्याला आधार हवा आहे. त्याच्या हातातले वचन काढून घेऊन प्रश्न कशाला देता?" हा आक्षेप मी हलका मानत नाही. त्या मुलीलाही आधार हवाच होता. पण अनुभव असा आहे की, पाठ केलेले वचन पहिल्याच उलट प्रश्नाला गळून पडते, आणि स्वतः पारखलेले वचन माणूस भर वर्गात उभा राहून सांगू शकतो. भगवंतांनी सापाचा दृष्टांत दिला आहे. जो केवळ वादात दुसऱ्याला जिंकण्यासाठी धम्म शिकतो, तो साप शेपटीकडून पकडणाऱ्यासारखा असतो. साप उलटून त्यालाच डसतो. मुलाच्या हाती वचन द्याल तर ते नीट कसे धरावे हेही शिकवा.

घरी काय कराल?

यासाठी पदवी लागत नाही. येत्या रविवारी वंदना झाल्यावर भिंतीवरचे एकच वचन निवडा आणि सर्वांनी मिळून चार प्रश्न विचारा. हे कोणी, केव्हा आणि कोणाला सांगितले? इतिहासात हे कोणी आचरले आणि कोणी मोडले? हे मानल्याने हित कोणाचे आणि ओझे कोणावर? हे खरे असेल तर उद्या सकाळी आपण काय निराळे करणार? घरातल्या सर्वांत लहान मुलाला प्रथम बोलू द्या. आजीला लिहिता-वाचता येत नसेल तर तिला अवश्य बोलू द्या. तिने जे सोसले ते कोणत्याही पुस्तकापेक्षा कमी प्रमाण नाही. बापाने शेवटी बोलावे आणि त्या दिवसापुरते राजेपण खुंटीला टांगावे.

मूल तुमच्या मताविरुद्ध बोलले तर घाबरू नका. ज्या दिवशी ते म्हणेल, "बाबा, हे वचन मला अजून कळले नाही," त्या दिवशी त्याचे धम्मशिक्षण सुरू झाले असे समजा. त्याला खाली बसवू नका. एकदा मी बसवले होते. ती मुलगी पुन्हा उभी राहिली, हे माझे भाग्य.

नमो बुद्धाय! जय भीम!